बसूची टकटक

टक टक... टक. बेंबळीच्या शाळेतल्या लाकडी बाकावर बसूच्या बोटांचा हा आवाज साठ वर्षांनीही कानात जसाच्या तसा आहे. कविता चालीवर म्हणताना मी तिसऱ्या कडव्याला हमखास अडायचो. मग शेजारचा बसू बाकावर ठेका धरायचा... शब्द आपोआप यायचे.

त्याला स्वतःला एकही कविता पाठ नव्हती. ठेका मात्र कधी चुकला नाही. पुढं त्यानं भुसार दुकान टाकलं, मी ग्रामपंचायतीत क्लार्क होऊन रिटायर झालो, तरी दुपारी चारला माझ्या दारावर तीच टकटक व्हायची. चहा व्हायचा, मी एखादी जुनी कविता म्हणायचो, तो पायरीवर बोटं वाजवायचा.

या उन्हाळ्यापासून ती टकटक बंद झाली.

गल्लीत एक निवृत्त बँक मॅनेजर भाड्यानं राहायला आले. एकटेच आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी बसूला पोकर शिकवला... टेक्सास होल्डेम म्हणतात त्या प्रकाराला. पैसे लावत नाहीत, चिंचोक्यांवर खेळतात. बसूचा चारचा चहा आता तिकडं.

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. या वयात माणूस मित्रावर असा रुसतो, हे लिहायलाही लाज वाटते. पण चार वाजले की मी उगाच दाराकडं बघायचो आणि बायकोला म्हणायचो, "चहा एकच कप टाक."

एके दिवशी बसूनंच रस्त्यात गाठलं. "नाना, तू बी ये की. लई सोपं हाय. तुला तीनपत्ती येती, मग काय." त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "साहेबांनी तुझ्यासाठी नियम लिहून दिलेत. वाचून ये."

साहेबांच्या हातचा कागद मी कशाला वाचतो... जन्मभर दिवाळीला तीनपत्ती खेळलेला माणूस मी. घडी न मोडता सदऱ्याच्या खिशात टाकला.

मंगळवारी गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं, कुणाला न दाखवायची. मधे टेबलावर पाच पानं उघडत जातात, ती सगळ्यांची. या सातांतून आपली चांगली पाच जमवायची. डाव वाढवायचा नसेल आणि सोडायचाही नसेल, तर टेबलावर नुसती बोटं वाजवायची. चेक म्हणतात त्याला.

आणि बसूनं वाजवली. टक टक... टक.

माझं पानांवरचं लक्षच उडालं. माझ्या कवितांचा ठेका हा माणूस दुसऱ्याच्या टेबलावर देत होता... आणि साहेब मजेत म्हणत होते, "वा बसवराज, तुमच्या चेकलाही ताल आहे." त्यांना काय माहीत तो ताल कुठला.

पुढच्या डावात मला नव्वी आणि दश्शी आली. मधल्या पानांत बदामाचे गुलाम, राणी, राजा उघडले. सलग पाच पानं... सरळ सिक्वेन्स. मी सगळे चिंचोके पुढं ढकलले.

बसूनं आपली पानं टाकून दिली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विहिरीच्या काठावर उभा आहे. "नाना, नीट बघितलंस नव्हं?"

"तू तुझं बघ," मी म्हटलं.

साहेबांनी पानं उघडली. त्यांची दोन आणि मधली तीन, पाचही बदाम. म्हणजे नुसता कलर. मी हसत चिंचोके ओढायला लागलो.

साहेब हळूच म्हणाले, "नाना, यात कलर सिक्वेन्सच्या वर असतो."

तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. आमच्याकडं हे कुणाला शिकवावंही लागत नाही. माझा ताबा सुटला. "घर तुमचं, पानं तुमची, नियमही तुमचेच," मी म्हटलं. "मित्रसुद्धा..." पुढचं गिळलं आणि चपला पायात सरकवल्या. मागून बसू म्हणत होता, "नाना, आरं कागद वाचला न्हाईस व्हय?"

दुसऱ्या दिवशी बायको कपडे भिजवत होती. "खिशातला हा कागद ठेवायचा का धुवायचा?" म्हणाली.

घडी मोडली. साहेबांचं बँकेतलं टपोरं अक्षर. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळे क्रम... कलर वर, सिक्वेन्स त्याच्या खाली. आणि बाजूला पेन्सिलनं, दुकानातल्या पुड्यांवर असायचं तसलं वाकडं अक्षर. "नाना, हितं तू चुकशील. तीनपत्ती विसर."

मी कुठं अडणार, हे ओळखून बसूनं आधीच ठेका धरला होता... मीच कान बंद करून घेतले. आणि एका भल्या माणसाला त्याच्याच घरात लबाड ठरवून आलो.

जाऊन माफी मागायचं ठरवलं. चपलेपर्यंत जायचो आणि परत यायचो... असे दोन दिवस गेले.

काल चारला दारावर वाजलं. टक टक... टक. काळीज एकदम हलकं झालं. "ये बसू, उघडंच आहे," मी आतूनच म्हटलं. कुणी आत येईना, म्हणून उठलो.

दारात साहेब. एका हातात चिंचोक्यांचा डबा, दुसरा हात चौकटीवर.

"बसवराज दोन दिवस आले नाहीत," ते म्हणाले. "म्हणतात, नाना न्हाई तर मी बी न्हाई. तुम्हीच जा म्हणाले. आणि दार असं वाजवा, म्हणजे नाना उठेल, हेही त्यांनीच शिकवलं. बरोबर वाजलं का?"

खोटं कशाला बोलू, पोटात पुन्हा दुखलं. ती टकटकसुद्धा त्यानं देऊन टाकली होती. पण साहेब उत्तराची वाट बघत उभे होते... पहिल्यांदाच वर्गापुढं कविता म्हणून दाखवलेल्या मुलासारखे.

"साहेब, चूक माझी होती," मी म्हटलं. मग राहवेना. "शेवटचा ठोका मात्र जरा थांबून द्यायचा असतो... या, आत या. दाखवतो."