पाणबुड्याचा डावा गाल

"अहो, थुंका आधी! तोंड भरलंय तुमचं!"

ठाण्यात खाडीकडच्या एका चौकात, भर सकाळी, माझ्या पार्टनरची आई आमच्या पुतळ्यावर ओरडत होती. मी शिडीवर पडदा बांधत होतो. तासाभरात अनावरण.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. वागळे इस्टेटमध्ये फायबरचं काम करणाऱ्याचा नसतोच... आम्ही सगळं आतून पोकळ बघितलेलं असतं, देवसुद्धा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आणि माझा पार्टनर विलास बागांसाठी पेंग्विनच्या कचराकुंड्या बनवायचो. मग हे काम आलं — चौकात समुद्राचा देखावा. बाजूला ऑक्टोपस, मधोमध हनुवटीपर्यंत काचेचा मास्क घातलेला पाणबुड्या. जमलं तर पुढचे चौक आमचे, नाहीतर जन्मभर पेंग्विन.

आता आमच्या धंद्यात जुना साचा कुणी फेकत नाही. पाणबुड्याचं धड कापडदुकानातल्या डमीचं, आणि चेहरा विलासच्या वडिलांचा — अण्णांचा. ते रिटायर झाले तेव्हा हौसेनं घेतलेला साचा. तेव्हाही पठ्ठ्यानं तंबाखू थुंकली नव्हती. डावा गाल फुगलेला तसाच उतरला. अण्णांना जाऊन वर्ष झालेलं. "काचेआड कोण बघतंय," विलास म्हणालेला.

काकूंनी बघितलं. मग मीही बघितलं...

मास्कच्या आत, हनुवटीपाशी तपकिरी पाणी. बघता बघता ओठांपर्यंत चढलं. काच मी स्वतः रेझिननं सील केलेली, मुंगी शिरणार नाही अशी. तरी वास बाहेर — चुना, तंबाखू, आंबलेली लाळ. ओहोटीची खाडी शेजारी होती, तिनंसुद्धा नाक दाबलं असतं. समोरच्या टपरीवरचा चहा फाटला, आईशप्पथ.

"गंज असेल रे, आतल्या सळईचा," विलास म्हणाला, पण तोंड पांढरंफटक.

"गंजाला चुन्याचा वास येतो?"

"तू ड्रिल मार ना, बाबा."

हनुवटीखाली भोक पाडलं आणि पिचकारी थेट माझ्या नव्या सफारीवर. कोमट. कोमट होती हो ती... मनगटाला तंबाखूच्या काड्या चिकटल्या. मी शिडीवरूनच ओकलो, ऑक्टोपसवर. त्याचे आठही हात भरले.

काच उपटली तर आत कोरडं ठणठणीत. आणि डावा गाल — उजव्यासारखाच सपाट.

नवी काच लावली, अनावरण झालं, टाळ्या पडल्या, पुढचा चौकही मिळाला. सफारी मी जाळली. पण घट्ट झालेल्या फायबरमधला फुगीर गाल बसतो कसा, हे मला आजवर एकाही केमिकलवाल्यानं सांगितलेलं नाही.

त्या सकाळी शिडीवरून उतरलो. काकू बादलीत फडका पिळत होत्या.

"काकू, काय होतं हे?"

"ह्यांचं नेहमीचंच," त्या म्हणाल्या. "पुसून घे."