म्हातारीचा संशय
बामचा वास आला की नरडाण्याजवळची ती दुपार आठवते. मी गस्तीवर होतो आणि उन्हानं डांबर वितळलं होतं. काचा बंद असलेली एक गाडी मी थांबवली. पुढे एक तरुण गाडी चालवत होता, मागे दुसऱ्या तरुणाशेजारी बाम चोळलेली एक म्हातारी होती. “आईला धुळ्याला दवाखान्यात नेतोय,” मागचा म्हणाला, पण गाडी धुळ्याकडून येत होती. “अक्का, हा तुमचा मुलगा का?” तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. मला ते खटकलं. कागदपत्रं तपासायच्या निमित्तानं दोघांना सहकाऱ्याकडे पाठवून मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. “तू तरी खरा पोलिस शे का?” तिनं हळूच विचारलं. ओळखपत्र तिला वाचता येईना, म्हणून तिला तोंडपाठ असलेल्या नंबरावर मी तिच्या मुलीला फोन लावून दिला. मुलीचा रडका आवाज ऐकल्यावर ती बोलली, “हाऊ मना आंडोर नही शे, पुतण्या शे. मनं वावर लिखी लेवाले लई जाई राहिनात.” तिचं शेत लिहून घ्यायला निघालेल्या त्या दोघांना ठाण्यात नेलं. मुलगी येईपर्यंत मात्र म्हातारी दाराजवळच उभी राहिली, मी दिलेल्या खुर्चीवर बसली नाही. आता मी निवृत्त झालोय, पण तिनं माझ्यावरही विश्वास टाकला नाही, हे मला अजून योग्यच वाटतं.