मामांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तेव्हा

घरातल्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनो, आज माझ्या हातून फार वाईट झालं.

माझ्या मामांना शुगरमुळे दोन वर्षांपासून दिसत नाही. माधव नगरच्या घरी ते कॉम्प्युटरपुढे हेडफोन लावून बसतात आणि त्यातलं लिनक्स त्यांना मराठी बातम्या वाचून दाखवतं. मीच बसवून दिलंय. ते नेहमी बजावतात, "चालतंय नं? मग छेडू नको त्याला."

आज सकाळी ते अंघोळीला गेले. मी न विचारता अपडेट लावलं आणि देवास गेटला औषधं आणायला निघून गेलो. मागे लाइट गेली आणि वाचून दाखवणारं पॅकेज अर्धवट बसलं. लाइट आल्यावर मामांनी सवयीने बटण दाबलं, हेडफोन लावला. काहीच नाही.

मी परतलो तेव्हा हेडफोन मांडीवर पडला होता. मामा कानाजवळ चुटक्या वाजवत होते. आधी उजव्या, मग डाव्या.

"मामा, काय झालं?"

ते दचकले. "तुझा आवाज येतोय रे. मला वाटलं, आता कानही गेले."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो, तर स्क्रीनवर एकामागून एक एरर येत होते. तुटलेलं पॅकेज काढून पुन्हा बसवायला दीड तास लागला. आवाज परत आला. पण हेडफोन लावण्याआधी मामांनी पुन्हा एकदा चुटकी वाजवून पाहिली.

अपडेट सुरू करताना मशीनने मला विचारलं होतं, पुढे जाऊ का? मी मामांना एवढंसुद्धा विचारलं नाही. तुम्ही विचारता?