बेंबी सरकत नसते

दवाखान्यात पोटाचे किस्से शोधावे लागत नाहीत. एकाच्या गोळ्यांची पुडी बांधेपर्यंत दोन नवे बाकावर येऊन बसतात. जानेफळच्या एका डॉक्टरांकडे मी तीस वर्षांपासून कंपाउंडर आहे. शिक्षण चौथी. पण भिंतीवरचा पचनाचा चार्ट मला पाठ आहे. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. लोकांना तो कॅलेंडर वाटतो!

किसनराव पोट धरून आले. गॅस, जळजळ, नेहमीचंच. डॉक्टर म्हणाले, "काका, पचन तोंडापासून सुरू होतं. कवळी कुठे आहे?"

त्यांनी ती बंडीच्या खिशातून काढली.

"जेवताना काऊन लावत नाही?" मी विचारलं.

"लग्नात लावतो न! रोज चावलं तं झिजन ना बे!"

भाकरीचे तुकडे अख्खे गिळणार, आणि दोष माझ्या गोळीला!

एक पिणारा आला. डॉक्टरांनी चार्टवर यकृत दाखवलं. "इथे पित्त तयार होतं. दारूही यालाच निस्तरावी लागते. तुमचं सुजलंय."

तो जवळ जाऊन बघत राहिला. "हे कोनाचं हाय, साहेब?"

"माणसाचं."

"पेत असंन तो. माहं असं लाल नाही!"

विठ्ठल तर हुज्जत घालायलाच येतो. लहान आतडं वीस फूट असतं म्हटल्यावर उसळला. "काही बी सांगता! माही खोली दहा फुटाची हाय!"

मी वीस फूट दोरी मोजली, गुंडाळून माझ्या जेवणाच्या डब्यात भरली आणि झाकण लावलं. त्यानं झाकण उघडून पाहिलं.

"मंग दादाराव, येवढा लांब रस्ता, अन् रोडग्याच्या पंगतीतून उठलो का मले लगेच परसाकडे काऊन पळा लागते?"

"जाते ते कालचं असते बे! आजच्यानं फक्त मागून धक्का देला!"

त्यानं खूप विचार केला. "काल काय खाल्लं होतं मी?"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. मला या लोकांचा राग येतो, आणि त्याला कारण आहे.

आमच्या गल्लीत कौसाबाई राहते. कोणाचंही पोट दुखो, तिचा निकाल एकच. "बेंबी सरकली!" मग गोडं तेल, अंगठ्यानं रगडणं, पोटावर पेटता दिवा आणि त्यावर पालथा तांब्या. माझ्या धाकट्या भावाला, सखारामला, उजवीकडे खाली दुखायला लागलं. तिथे मोठ्या आतड्याला बोटाएवढं अपेंडिक्स लोंबतं. मी तेव्हा शेगावला दर्शनाला गेलो होतो. कौसाबाईनं दोन दिवस त्याचं पोट चोळलं. अपेंडिक्स आत फुटलं. मी आलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

तेराव्याला ती म्हणाली, "त्याची बेंबी लईच सरकली होती, भाऊ."

मी तिला दारातून हाकललं. तेव्हापासून कोणी बेंबीचं नाव काढलं की त्याला चार्टसमोर उभा करतो. "दाखव! बेंबीले कोणती नळी जोडली हाय?" कोणालाच दाखवता येत नाही. तरी आधी तिच्याकडे जातात, मग आमच्याकडे! गावातलं दुसरं पोट असं फुटू द्यायचं नाही, एवढंच मी धरून आहे.

गेल्या दिवाळीनंतर कौसाबाईच आली. वाकलेली, भिंत धरत. पोटावर तेल आणि तांब्याचा गोल वळ. दोन दिवस स्वतःच चोळत होती. डॉक्टरांनी उजवीकडे खाली बोट टेकवलं तर किंचाळली. "अपेंडिक्स आहे. फुटायच्या आत चिखलीच्या मोठ्या दवाखान्यात पोचवा."

जीपमध्ये तिची सून ड्रायव्हरजवळ बसली. मागे ती आणि मी.

"दादाराव भाऊ, जरासं चोळून दे न!"

"हात लावत नाही."

तिनं स्वतःचाच अंगठा बेंबीकडे नेला. मी तिचे दोन्ही हात धरले.

"सोड बे! मरून राह्यली मी!"

"म्हणूनच धरले."

रस्ताभर तिनं मला शिव्या दिल्या. माझा बाप काढला, आजा काढला. मी हात सोडले नाहीत.

चिखलीला स्ट्रेचर आलं. सून मागेच जीपवाल्याचे पैसे देत होती. नर्सनं कागद पुढे केला. "सही करा. तुम्ही यांचे कोण?"

मी म्हणालो, "हिनं माह्या भावाचं पोट चोळलं होतं."