बाबांचा पाय आणि गाडीचा कन्व्हर्टर

हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत मला नोकरी लागली आणि आमच्या कोथरूडच्या घरात पहिली गाडी आली. सेकंड हँड, पांढरी, मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या लेकीने चिकटवलेलं पिवळं बदक. मी कंपनीच्या बसने जायचे, त्यामुळे गाडी खऱ्या अर्थाने बाबांचीच झाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या पोरांबरोबर शिकून त्यांनी कारचं लायसन्स काढलं होतं. आईला मंडईत ने, विहारात ने, कुणाच्या लग्नाला ने, यात त्यांचा दिवस मजेत जायचा. इतके खूश मी त्यांना नोकरीत असतानाही पाहिले नव्हते.

मग एकदा ते चांदणी चौकाच्या चढावरून परत आले. चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आता पुरे." आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की काही आठवडे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी उचलत नव्हती. आज तर चढावर मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. "पायात जोर राहिला नाही माझ्या," बाबा म्हणाले.

आमच्या घरात हे साधं वाक्य नव्हतं. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांचीही सुरुवात उजव्या पायापासूनच झाली होती. ते येरवड्याला मुलाकडे असत. बाबा दर रविवारी त्यांना भेटायला जायचे, पण अलीकडे काही ना काही कारण काढून टाळत होते. का टाळत होते ते आता उमगलं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "तो काय वेगळं सांगणार? मी पाहिलंय सगळं," म्हणून विषय बंद. मला फार भीती वाटली. बाबा घरात कधी पाय ओढताहेत का, हे मी चोरून बघायला लागले.

एका रविवारी, बॅटरी उतरू नये म्हणून, मीच गाडी बाहेर काढली आणि मुद्दाम त्याच चढाला लागले. गाडी रडत रडत निम्म्यापर्यंत आली. गिअर बदलून पाहिला, पाय पार खाली रोवला, पण छे. कांद्याच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो मला मागे टाकून गेला आणि मला हसूच यायला लागलं. माझे दोन्ही पाय धडधाकट होते. म्हणजे बाबांच्या पायाला काही झालंच नव्हतं, बिघडली होती ती गाडी! स्वतःची गाडी बिघडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी तशीच कोथरूड डेपोमागच्या आमच्या ओळखीच्या गॅरेजात गेले.

मेकॅनिकने गाडीखाली शिरून सायलेन्सरच्या अलीकडचा एक लोखंडी डबा खोलून बाहेर काढला. "हा कन्व्हर्टर, ताई. धूर गाळायची जाळी असते यात. पार बुजलीय. धुराला बाहेर पडायला वाटच नाही, मग गाडी पिकअप कुठून घेणार?" जाळीवरची काळी चिकट पुटं त्याने बोटाने पुसून पाहिली. "पेट्रोलमध्ये ऑइल कोण टाकतंय?"

कोण ते मला लगेच कळलं. बाबांनी जन्मभर स्कूटर चालवली. पेट्रोल भरलं की त्यात मापाने ऑइल, हा त्यांचा नेम. डिकीत एक बाटली असायची ती मी पाहिली होती, पण पाण्याची समजून कधी उघडली नव्हती. आता हे त्यांना सांगायचं कसं? पाय बरा आहे हे सांगायला जावं, तर गाडी तुम्हीच बिघडवलीत हेही सांगणं आलं. न सांगावं, तर नव्या जाळीचीही तीच गत होणार. मी घरी फोन करून आईबाबांना बोलावून घेतलं.

बाबांनी डबा उजेडाकडे धरून एका तोंडातून आत पाहिलं. पलीकडचं काहीच दिसेना. "गाळाने भरलेली कालव्याची चारी," ते म्हणाले. मी एका दमात ऑइलचं सांगून टाकलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. "म्हणजे पायाचं काही नाही?"

"नाही, बाबा. माझ्याही पायाने नाही चढली."

"नक्की?"

"अगदी नक्की."

बाबा तिथल्याच एका टायरवर बसले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. आईने पदर डोळ्यांना लावला. मेकॅनिक उगाचच पाने मांडायला लागला.

बाबांनी चष्मा पुन्हा लावला. "पंपावरचा माणूस म्हणाला होता, कारमध्ये ऑइल टाकायचं नसतं. मला वाटलं, आळशी आहे, म्हणून मी घरीच घालायचो."

"साहेब, स्कूटरचं वेगळं. हिचं ऑइल इंजिनात वेगळं असतं," मेकॅनिक म्हणाला. "आता असं करू, हा डबाच काढून सरळ पाइप जोडून देतो. पुष्कळ जण तेच करतात."

"आणि धूर?"

"तो काय, जातो हवेत."

"तुमच्या घरी गाळणी बुजली म्हणून चहा न गाळताच पिता का?" बाबा म्हणाले. "मी बुजवलीय, नवी बसवा."

नवा कन्व्हर्टर मिळायला थोडे दिवस लागले. बसवल्यावर बाबा आईला आणि मला घेऊन त्याच चढाला लागले. गाडी एका दमात वर गेली. बाबांनी ती बाजूला घेतली आणि म्हणाले, "दादाकडे जाऊ या."

काका अंथरुणातूनच गुरगुरले, "इतके दिवस कुठं होतास रे?"

"गाडी बंद होती," बाबा म्हणाले.

मग बाबांनी आणि चुलतभावाने काकांना उचलून खाली आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. त्यांचा उजवा पाय बाबांनी दोन्ही हातांनी धरून हलकेच आत ठेवला. काकांनी काच खाली करायला लावली, आणि बंडगार्डनचा पूल ओलांडेपर्यंत कुणाला वर करू दिली नाही.