नानांची चौकट आणि ऑर्डरचं बटण

"चार दिवसांत एकच ऑर्डर आली. ती पण यांच्या कारखान्यातल्या साठेसाहेबांची," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "त्यांना शुगर आहे. तरी दोन किलो अनारसे लिहिलेत बिचाऱ्यांनी."

मी ऑफिसात होतो. शुक्रवार होता. समोर एका क्लायंटच्या वेबसाइटची टेस्टिंगची यादी उघडी होती. बावीस वर्षं मी वेबसाइट बनवायच्या धंद्यात आहे. सध्या ऐरोलीतल्या एका कंपनीत टीम लीड आहे. म्हणजे स्वतः कमी काम करायचं आणि दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं. मला पगार तपासण्याचाच मिळतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी अब्रू तिथेच जाणार आहे.

ऑर्डर म्हणजे फराळाची. सासूबाई आणि त्यांच्या जुईनगरच्या सोसायटीतल्या आणखी चौघी दर दिवाळीला फराळ करतात. आजवर तो सगळा एका दुकानदाराकडे जायचा आणि त्याच्या नावाच्या डब्यांतून विकला जायचा. चकली यांची, नाव त्याचं. यंदा पाचजणींनी ठरवलं, आपल्याच नावानं विकायचा. त्यासाठी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवली. 'कोडिंग येत नसलं तरी चालेल' अशी जाहिरात असते ना, तसल्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. माउसनं चौकोन ओढायचा, त्यात फोटो टाकायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, की झाली वेबसाइट.

घाई होती ती अनारशांमुळे. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग वाळवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. दिवाळीपासून उलटं मोजत आलं की तांदूळ रविवारी पाण्यात पडायलाच हवे होते. दुकानदारालाही उत्तर रविवारीच हवं होतं. तोवर ऑर्डरी आल्या नाहीत तर पुन्हा त्याचेच डबे.

मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. उघडली, दिसली. 'ऑर्डर द्या' हे बटण दाबलं, फॉर्म आला, भरला. मिनिटभरात सासूबाईंनी सांगितलं की नानांच्या कॉम्प्युटरवर कुणा टेस्ट टेस्ट नावाच्या माणसाची एक किलो चकलीची ऑर्डर आली आहे.

"तो मीच, आई. साइट बरोबर आहे," मी कमावलेल्या आवाजात म्हणालो. "लोकच बघत नसतील."

त्या म्हणाल्या, "असंल. आमच्या हातचं कुणाला पायजे आता."

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

डबा खाताना मी ही हकिगत रुचाला सांगितली. रुचा माझी मॅनेजर. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहे आणि मला सर म्हणते, त्यामुळे बॉस कोण हे आम्हा दोघांनाही अधूनमधून आठवावं लागतं. तिला करंज्या हव्या होत्या. तिनं लिंक मागितली आणि जेवता जेवता फोनवर साइट उघडली.

"सर, बटण दिसतंय, पण दाबलं जात नाहीये."

मी म्हटलं नेटवर्क बघ. नेटवर्क फुल होतं. तिनं बोट पुसून पुन्हा दाबलं, मग अंगठ्यानं दाबलं. मग तिची मान तिरकी झाली.

"सर, यात वर तुमचं नाव का आहे?"

मी फोन हातात घेतला. पानाच्या अगदी माथ्यावर, फराळाच्या नावाच्याही वर, एक छोटा तक्ता होता. 'ड्रॉन बाय', पुढे नानांचं नाव. 'चेक्ड बाय', पुढे माझं. आडनावासकट.

नाना तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. टाक्यांची, पाइपांची ड्रॉइंग्ज काढायचे. ड्रॉइंगला चारी बाजूंनी बॉर्डर असते आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात असा तक्ता. त्याला टायटल ब्लॉक म्हणतात. कोणी काढलं, कोणी तपासलं, कितवी दुरुस्ती, सगळं त्यात. आयुष्यभर असे तक्ते काढलेल्या माणसानं वेबसाइटच्या कोपऱ्यातही एक काढला, यात नवल नव्हतं. कॉम्प्युटरवर मी तिथपर्यंत खाली गेलोच नव्हतो.

आणि माझं नाव कसं आलं, तेही आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी नानांनी मला लिंक पाठवून 'बघून सांगा' असं लिहिलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखालून उत्तर दिलं, 'पाहिली. मस्त झालीये, नाना.' पाहिली नव्हती. जावयानं बावीस वर्षांच्या अनुभवातून तपासली, असं समजून त्यांनी विश्वासानं नाव घातलं. फोनवर तो कोपऱ्यातला तक्ता सरकून माथ्यावर गेला होता. म्हणजे चार दिवस सोसायटीतले, नात्यातले, झाडून सगळे आधी माझं नाव वाचत होते आणि मग न चालणारं बटण दाबत होते.

"तुम्ही मोबाईलवर टेस्ट केली होती?" रुचानं विचारलं. हा प्रश्न मी टीममध्ये रोज विचारतो. ती तो माझ्याकडूनच शिकली आहे.

"कशावरच नव्हती केली," मी म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी मी जुईनगरला गेलो. बायको बरोबर आली. आधार द्यायला नाही, बघायला. नाना कॉम्प्युटरसमोर बसले होते. सासूबाई स्वयंपाकघरात वेलदोडे कुटत होत्या.

"नाना, तुमची साइट मी न बघताच मस्त म्हटलं होतं."

खलबत्ता थांबला.

"न बघता?"

"उघडलीच नव्हती."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आमच्यात एक चेकर होता. डोळे झाकून सही करायचा. त्याच्या सहीनं एक टाकी जागेवर गेली आन् तिचं तोंड निघालं भिंतीकडं. अख्खी टाकी क्रेननं उचलून फिरवली."

"मग त्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? साहेबाचा जावई होता तो."

खलबत्ता पुन्हा सुरू झाला. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते.

मग मी त्यांना अडचण समजावली. आमच्याकडे साइट बनवताना कॉम्प्युटरचं पान वेगळं मांडतात आणि फोनचं वेगळं, कारण एक आडवं, दुसरं उभं. नानांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त कॉम्प्युटरचं पान मांडायचं. फोनचं पान ते आपलं आपण मांडतं आणि त्यात आपल्याला हात घालता येत नाही. हे नानांना लगेच पटलं. मध्येच हसून म्हणाले, कारखान्यातले फोरमनही ड्रॉइंग बाजूला ठेवून असंच आपल्या मनानं करायचे. अवघड होतं ते बॉर्डरचं. नानांनी अख्ख्या पानाभोवती एक चौकोन काढला होता. कॉम्प्युटरवर तो सगळ्याच्या मागे होता. फोनवर सॉफ्टवेअरनं तो सगळ्याच्या पुढे आणून ठेवला होता.

"पण तो आतनं मोकळा हाय की. नुसती रेघ. बोट कुठं अडतंय?"

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. काचेखाली लग्नाचा फोटो, दूधवाल्याचा नंबर आणि लाइटबिल. मी म्हटलं, नाना, फोटोला हात लावा. त्यांनी बोट टेकवलं. फोटो स्पष्ट दिसत होता आणि बोट काचेवर होतं. कॉम्प्युटरच्या लेखी मोकळा चौकोन म्हणजे अशीच काच. आतलं सगळं दिसतं, पण दाबली जाते ती काच.

नाना बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसले. "म्हणजे साठ्यांची ऑर्डर आली, कारण ते कॉम्प्युटरवर बसत्यात."

"हो. बाकी सगळं जग फोनवर आहे."

सासूबाई दारात आल्या होत्या. हातात बत्ता तसाच. "म्हंजे लोकांनी ऑर्डर दिल्यात?"

"द्यायचा प्रयत्न केला असणार, आई. फराळाचा काही दोष नाही. दोष बटणाचा. आणि माझा."

त्यांनी आत जाऊन माझ्यापुढे चहा आणून ठेवला. साखर घातलेला. एरवी माझ्या पोटाकडे बघून त्या बिनसाखरेचा देतात, त्यामुळे मला माफीनामा मंजूर झाल्यासारखं वाटलं.

अपराधी माणूस उदार होतो. मी म्हटलं, हे सॉफ्टवेअर सोडून द्या, मी दोन तासांत नवीन साइट करतो, कोड लिहून, एकदम प्रोफेशनल.

"आन् पुढल्या वर्षी बेसनाऐवजी रव्याचे लाडू लिहायचे झाले तर?" सासूबाईंनी विचारलं. "तुमाला फोन करायचा?"

"हो, मग."

"आन् तुमी मीटिंगमध्ये असला तर?"

त्या साध्या सॉफ्टवेअरच्या चुका मी दहा सांगू शकलो असतो. उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तर त्यात बनवलेलं काही उचलून नेता येत नाही. पानाच्या तळाला त्यांची जाहिरात चिकटलेली असते. पंपावर बनवणाऱ्याची नेमप्लेट असते तशीच ती समजून नानांनी मान्य केली होती. पण ते नानांना स्वतःला चालवता येत होतं. माझ्या कोडचं तसं झालं नसतं. तेव्हा जे आहे त्यातच मार्ग काढायचा ठरलं.

मार्ग सोपा होता. बॉर्डर काढून टाका.

"बॉर्डर काढू?" नाना म्हणाले. "बॉर्डरबिगर शीट ऑफिसबाहेर जात न्हाई. त्याला रफ म्हणत्यात."

मी वाद घातला नाही. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, चौकोनाला काच असते, रेघेला नसेल. त्यांनी चौकोन पुसला आणि त्याच जागी चार सुट्या रेघा काढल्या. दोन उभ्या, दोन आडव्या. मधे खरोखरचं मोकळं. मला हे सुचलं नव्हतं, हे मी इथे लिहितो आहे, तिथे बोललो नाही.

तपासायला सासूबाईंचा फोन घेतला. काचेला कोपऱ्यात तडा, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. बटण चाललं. पण दोन्ही उभ्या रेघा सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं हलवल्या होत्या. एक चकलीच्या फोटोतून आरपार गेली होती आणि दुसरी अनारशांवर झेंड्याच्या काठीसारखी उभी होती. आम्ही त्या डावीकडे सरकवल्या, उजवीकडे सरकवल्या. फोनवर त्या जिथे जायच्या तिथेच गेल्या.

शेवटी नानांनी दोन्ही उभ्या रेघा स्वतःच्या हातानं पुसल्या. वरची आणि खालची ठेवली. "जाऊ दे," म्हणाले. "चकली भोसकल्यागत दिसती."

मग सासूबाईंना बोलावलं. त्यांनी फोन हातात घेतला तेव्हा कळलं की साइट त्यांनी रोज पाहिली होती, पण बटण एकदाही दाबलं नव्हतं. स्वतःच्याच फराळाची ऑर्डर कोण कशाला देईल? आता त्यांनी वेलदोड्याची पूड लागलेल्या बोटानं ते दाबलं. फॉर्म उघडला. नाव, वस्तू, वजन, सगळं सावकाश भरून पाठवलं, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. अर्धा किलो कडबोळी.

"कुणासाठी?" नानांनी विचारलं.

"साठेसाहेबांना द्या. अनारशाऐवजी."

त्याच संध्याकाळी पाचजणींनी सगळ्या ग्रुपांवर पुन्हा लिंक पाठवली आणि खाली लिहिलं की बटण आता दाबलं जातंय. तेव्हा लोक बोलले. कुणाला वाटलं होतं ऑर्डरी बंद झाल्या. बहुतेकांना वाटलं होतं की आपलाच फोन जुना झालाय. एकीनं तर त्यासाठी मुलाकडे नवा फोन मागितला होता आणि आता ती हे त्याला कळू देणार नव्हती.

रविवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. ऑर्डरी किती आल्या ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तांदूळ भिजत घातले. घरातली पातेली पुरली न्हाईत, शेजारनं आणली." दुकानदाराला 'नाही' असं कळवून टाकलं होतं. त्याला ऐन दिवाळीत चकल्या कुठून मिळाल्या, मला माहीत नाही.

आमच्या ऑफिसात आता एक जुना फोन ठेवला आहे. काचेला तडा, अक्षरं सगळ्यात मोठी. साइट बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक बटण त्यावर दाबायचं, हा नियम रुचानं केला. त्या फोनला सगळे सासूबाई म्हणतात. क्लायंटसमोरही म्हणतात.

माझं म्हणाल, तर धडा एवढाच की साधं सॉफ्टवेअर काय करू शकत नाही हे निदान शोधून काढता येतं. 'मस्त झालीये' म्हणणाऱ्या तज्ज्ञाचं तसं नसतं.

दिवाळीनंतर नानांनी लिंक पुन्हा पाठवली. साइटवर पुढच्या मोसमाचे पापड आणि कुरडया आल्या होत्या. या वेळी मी आधी उघडली, फोनवर. प्रत्येक बटण दाबलं. वजनाची एक चूक सापडली, ती कळवली. मग माथ्यावरचा तक्ता बघितला. 'चेक्ड बाय'पुढे सासूबाईंचं नाव होतं. माझंही होतं, खाली, बारीक अक्षरात, 'ट्रेस्ड बाय'पुढे. पूर्वी ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून ते जसंच्या तसं गिरवणारा एक माणूस असायचा, तो ट्रेसर. त्याच्याखाली फक्त शिपाई.

मी फोन करून विचारलं, नाना, हे काय?

"तिथनंच सुरुवात करत्यात सगळे," नाना म्हणाले. "काम बघून बढती मिळंल."