रिंकूचा मामा

प्रेमिलाबाई आमच्या गावच्या तलावात मासे धरून घर चालवायची आणि तिला मी बारा वर्षं अडाणी समजत होतो. सिंदेवाहीपलीकडच्या त्या गावात मी शाळामास्तर. वरोऱ्याचा, शिकलेला, म्हणजे आधीच दीडशहाणा.

२००४च्या एप्रिलमध्ये तिचा नवरा हेमराज मुलीला घेऊन मोहफुलं वेचायला गेला आणि मुलीच्या डोळ्यांदेखत वाघानं त्याला उचललं. मुलगी रिंकू, चौदा वर्षांची. त्या दिवसापासून ती बोलेना. गावानं अंगारे लावले, कोंबडं कापलं. प्रेमिलाबाईनं ते सगळं बंद केलं. रोज दुपारी ती फाटकं जाळं घेऊन ओसरीवर बसायची, एक टोक रिंकूजवळ ठेवायची आणि काहीच विचारायची नाही. दुसरं कोणी विचारू लागलं, तर त्याला हाकलायची. दोन महिन्यांनी पोरीनं ते टोक धरलं. दसऱ्यापर्यंत गाठीही मारू लागली. प्रेमिलाबाईचा भाऊ पत्रू शेजारीच राहायचा. तोही येऊन गुपचूप बसायचा.

मला हे बघवेना.

"बाई, अशानं पोरगी सुधरते का? तिले बोलतं करा लागते."

"बोलन तवा बोलन, गुरुजी. घाई काऊन?"

पण मला घाई होती. मी नागपूरच्या एका संस्थेला पत्र लिहिलं आणि नोव्हेंबरात समुपदेशक बाई शाळेत आल्या. भल्या होत्या, आवाज मऊ. मुलगी मोकळी व्हावी म्हणून त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं.

"मी रायतो ना जवळ," प्रेमिलाबाई म्हणाली. "नाई बोलत मी काई."

मीच तिला दटावून दाराबाहेर काढलं आणि माझ्या वर्गावर गेलो.

तासाभरात रिंकू बोलली. सात महिन्यांनी! "मामानं बाबाले नेलं. आताबी रोज येते. माह्या छातीवर बसते."

आमच्या गावात वाघाचं नाव कोणी घेत नाही, मामा म्हणतात. बाईंना हे सांगणारी दाराबाहेर होती. आणि त्यांच्या हातात माझं पत्र होतं : 'वडिलांचा जंगलात घात झाला.' बारा वर्षं मी गावाच्या या भीतीला हसलो आणि लिहिताना वाघ हा शब्द माझ्याही हातून उमटला नव्हता.

संस्थेनं पोरीच्या सख्ख्या मामाविरुद्ध तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पत्रूला तलावावरून ओल्या अंगानंच नेलं. रिंकू ओसरीवरून बघत होती. मी तालुक्याला धावलो, हेमराजला वाघानं मारल्याचा वनखात्याचा कागद दाखवला, हातापाया पडलो. चौथ्या दिवशी त्याला सोडलं तेव्हा त्याची दोन बोटं वळत नव्हती. गावाची तोंडं मात्र सुटली ती सुटलीच. महिन्याभरात तो सिरोंच्याकडे मजुरीला निघून गेला आणि परतला नाही. आपण शब्द काढला आणि मामा गेला, एवढंच पोरीला कळलं.

बाईंनी माफीचं पत्र पाठवलं, पुन्हा येते म्हणाल्या. ते घेऊन मी प्रेमिलाबाईकडे गेलो. ती जाळं घेऊन बसली होती. रिंकू भिंतीकडे तोंड करून निजलेली.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"गुरुजी, ते बोलत नोती, पण टोक धरत होती," ती म्हणाली. "आता तेबी सोडलन."